रंकाळ्यातून थेट गेटवेला!

शुक्रवारची रात्र. पिझ्झा संपलाय, कोल्ड्रिंकमधला गॅस गेलाय आणि टीव्हीवर मुखवटेवाला सुरा घेऊन रमतगमत चालतोय. पुढची पोरगी जिवाच्या आकांतानं धावतेय, तरी तो तिला गाठतोच. कसं काय बॉस? स्लॅशर सिनेमाला असले प्रश्न विचारायचे नसतात, हे आपल्याला माहीत असतं. पण विचारण्यातच तर सगळी मजा आहे!

'फ्रायडे द थर्टीन्थ'चा आठवा भाग घ्या, १९८९चा. शाळा संपवलेली पोरं क्रिस्टल लेकवरून जहाजात बसतात आणि थेट न्यूयॉर्कला पोहोचतात. लेक म्हणजे तळं हो! रंकाळ्यात बोटीत बसायचं आणि गेटवे ऑफ इंडियाला उतरायचं, त्यातला प्रकार. १९७८चा 'हॅलोवीन' तर या मंडळींचा बाप. गोष्ट घडते इलिनॉयमध्ये, ऑक्टोबरात. शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. मग पानगळ दाखवायला पानं रंगवून रस्त्यावर पसरली आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा तीच वापरली. एवढा खटाटोप करूनही मागे पामची झाडं दिसतातच! आणि 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' (१९९७)? डिकीत प्रेत, प्रेतावर वळवळणारे खेकडे. हिरॉइन मित्रांना घेऊन परत येते, तर प्रेत नाही, खेकडे नाहीत, एक डागसुद्धा नाही. आमच्या फ्लॅटच्या साफसफाईला असा माणूस मिळाला तर काय पाहिजे!

ही चुका पकडायची सवय मला लागली ती वारणानगरला, आत्याच्या घरी. मे महिन्याची सुट्टी, केबलवर 'झपाटलेला'. महेश कोठारेंचा हा १९९३चा सिनेमा म्हणजे हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'चा (१९८८) मराठी मावसभाऊ. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, त्याचा आत्मा शिरलेला रामदास पाध्येंचा बाहुला आणि आपला लक्ष्या. आत्याचा आक्षेप मात्र वेगळाच. वारणानगरात 'तात्या' म्हटलं की तात्यासाहेब कोरे, ज्यांनी इथं साखर कारखाना उभा केला. ती दरवेळी म्हणायची, "गुंडाला दुसरं नाव गावलं नाही व्हय ह्यांना?"

आतेभाऊ, म्हणजे दादा, मोठ्यानं चुका काढायचा. "हातभर बाहुला, धिप्पाड माणसाचा गळा कसा दाबंल?" "बारके, त्याचं पाय बघ, चालतोय का तरंगतोय?" मला वाटायचं, काय डेअरिंग आहे याची! तो रात्री लाइट लावून झोपायचा, हे आत्यानं पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

पण एका जागी दादा गप्प व्हायचा. लक्ष्या जीव तोडून सांगतोय की बाहुला जिवंत आहे आणि सगळे त्यालाच खुळ्यात काढतायत. बाकी सिनेमाचं लॉजिक बोंबललेलं असलं तरी ही गोष्ट शंभर टक्के खरी. एकट्यालाच काहीतरी माहीत असणं आणि ते सांगायची सोय नसणं. म्हणून तर आपण ते चालणारे, तरंगणारे पाय माफ करतो.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे पुन्हा वारणानगरला जमलो. दादा पुण्याहून आलेला. आयटीत आहे. "वर्क फ्रॉम होम घेतलंय," म्हणाला. आत्या खूश. सोमवार उजाडला. दादा दहा वाजता अंगणात आकाशकंदिलाची वायर दुरुस्त करत होता. मंगळवारी बाजारात. लॅपटॉपची बॅग कपाटावर, आला त्या दिवशी ठेवली तशीच, चेनही न उघडलेली. फोन एकदाही 'ऑफिसचा आहे' म्हणून वाजला नाही.

तळ्यातून निघालेलं जहाज समुद्रात पोहोचलं होतं आणि कुणीच काही विचारत नव्हतं.

सिनेमातली चूक आपण ओरडून सांगतो. घरातली दिसली की मात्र नजर वळवतो. त्याला वाईट वाटेल, आपल्याला काय करायचंय, वगैरे. मीही दोन दिवस तेच केलं. त्या रात्री यूट्यूबवर 'झपाटलेला' लावला. बाहुला धावू लागला, तरी दादा एक शब्द बोलेना. मग मीच म्हणाले, "दादा, बॅग उघडली नाहीस तू."

त्यानं स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "कधी कळलं?"

"सोमवारी."

"दोन महिनं झालं," तो म्हणाला. मग बराच वेळ बोलत राहिला. नोकरी, ईएमआय, आईला काय सांगू. सिनेमा कधी संपला, कळलंच नाही.

सकाळी त्यानं स्वतःच आत्याला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तरीच म्हटलं, भाकरी अर्धीच का खातोय," एवढंच म्हणाली आणि त्याच्या ताटात दुसरी टाकली.

चूक तिनंही पकडली होती तर. आमच्याही आधी.