रक्ताच्या नळीत काय दिसते?

परवा कळंबच्या बाजारात एक ओळखीचे पाहुणे भेटले. सोयाबीनची पोती घेऊन आले होते. भाव पडलेला असताना का विकता, असे विचारले तर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "घरातलीला अंगावरून लाल जातंय. पाळी जाऊन सात वर्षं झाली. तुकडा काढायला ती तयार नाही. तुकडा काढला की दुखणं भडकतं म्हणतात. शहरातला एक माणूस सांगून गेला, नळीभर रक्त द्या, कॅन्सर असला-नसला सगळं कळतं. हजारोंच्या घरात पैसे लागतात."

त्यांना चहा पाजून जे सांगितले, तेच वाचकहो, तुम्हाला सांगतो. कारण असा माणूस तुमच्याही दारी येईल.

रक्ताची ही तपासणी थोतांड नाही. तिला लिक्विड बायॉप्सी म्हणतात. पावसाळ्यात वरच्या रानाची माती धुपली की खालच्या ओढ्याचे पाणी गढूळ होते. कुणाची काळी, कुणाची मुरमाड, हे जाणता माणूस पाण्यावरून ओळखतो. तसेच गाठीतल्या पेशी मरतात, फुटतात आणि त्यांच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात वाहून येतात. यंत्र ते शोधते. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांत अशा रक्तावरून कोणती गोळी लागू पडेल हे ठरवतात. अमेरिकेच्या औषध खात्याने 2016 साली अशा एका तपासणीला मान्यता दिली. जिथे गाठ सुईच्या टप्प्यात नाही, किंवा चालू औषध थकले आहे, तिथे तिचा मोठा उपयोग.

पण रान कोपऱ्यात थोडेसेच धुपले तर ओढा नितळच दिसतो. गाठ लहान असली तर रक्तात काहीच सापडत नाही. 'काही नाही' असा कागद आला म्हणून दुखणे नाही असे होत नाही. फुप्फुसाच्या रोग्यातही रक्तात काही न दिसल्यास डॉक्टर शक्यतो तुकडा काढूनच खात्री करतात. तेव्हा या बाईचे रक्त विकतच्या यंत्रात घालून काय मिळणार? गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तर डोळ्याला दिसणाऱ्या जागी असतो. तिथून चिमूटभर तुकडा काढायला घटकाभर लागते, आणि त्याने दुखणे भडकत नाही. भडकते ते वाट पाहण्याने.

आणि हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मुंबईचे टाटा स्मारक, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची संस्था यांनी मिळून मोठे काम सुरू केले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. एका भागात गर्भाशयाच्या तोंडाला लागलेला स्राव घेऊन त्यात एचपीव्ही विषाणूचा डीएनए पाहिला. हा विषाणू बहुतेक बायकांच्या अंगातून आपोआप जातो. ज्यांच्यात मुक्काम करतो त्यांच्यात बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. दुसऱ्या भागात पेशी पाहिल्या, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहिले, चौथ्या भागात तपासणी केली नाही. या चौथ्या भागातल्या बायकांचे काय, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त वाटते.

2009 मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीच्या भागात 34,126 बायकांपैकी 34 या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या भागात 31,488 पैकी 64. कॅन्सर दोन्हीकडे जवळपास सारखाच सापडला, 127 आणि 118. पण पुढच्या टप्प्यातला एकीकडे 39, दुसरीकडे 82. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने एवढा फरक. व्हिनेगरच्या भागात मात्र मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. तरी मुंबईच्या वस्त्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, असे 2013 मध्ये जाहीर झाले. एकदा करून विसरू नका, एवढे त्यातून घ्यायचे.

30 ते 65 वयाच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमात गर्भाशयाच्या तोंडाची, स्तनाची आणि तोंडाची तपासणी आहे. आशाताईंना विचारा. लाजेपायी सून बोलत नाही, सासू विचारत नाही आणि घरधन्याला कळते तेव्हा पोती विकायची वेळ येते. पाळी गेल्यावर लाल दिसणे, नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त येणे, घाण वासाचे पाणी जाणे, यापैकी काही झाले तर मग तपासणी शिबिराची वाट पाहू नका, सरळ डॉक्टर गाठा. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातला न भरणारा फोडही त्यातच धरा.

पाहुण्यांनी सोयाबीन विकले, पण त्या माणसाला पैसे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दोघे बार्शीला गेले. तुकडा काढला आहे. अहवाल यायचा आहे.