डेट्रॉइट म्हणावे, पण डेट्रॉइटचे संगीत ऐकू नये!

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याला ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणवून घेण्याची मोठी हौस आहे. (चेन्नईही याच बिरुदावर हक्क सांगते, हा भाग वेगळा.) पण मोटारींखेरीज डेट्रॉइटने जगाला काय दिले, हा प्रश्न आमच्या मराठी विभागांत कुणाला पडत नाही. ‘टेक्नो’ असे उत्तर आम्ही दिले, तर ‘म्हणजे तो डीजेचा धिंगाणा ना?’ असा प्रतिप्रश्न येतो. या तुच्छतेचा समाचार घेणे आम्हांला आवश्यक वाटते.

ऐंशीच्या दशकात, डेट्रॉइटच्या मोटारउद्योगाला उतरती कळा लागलेली असताना, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी सिंथेसायझर व ड्रम मशीन यांतून हे संगीत घडवले. शिकागोचे हाउस हे त्याचे थोरले भावंड. अ‍ॅटकिन्स यांचे ‘नो यूएफओज’ (१९८५), मे यांचे ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ (१९८७), सॉन्डरसन यांच्या इनर सिटीचे ‘गुड लाइफ’ (१९८८) या रचना आम्ही सध्या नव्याने ऐकत आहोत. ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’मध्ये बेसची ओळच नाही. पायाखालची जमीन काढून घेऊनही माणसे नाचत राहतात! उद्ध्वस्त होऊ घातलेल्या शहराचे याहून नेमके रूपक आम्हांला तरी ठाऊक नाही. डेट्रॉइटचीच जनरल मोटर्स २००८ मध्ये तळेगावला आली आणि २०२० अखेर उत्पादन थांबवून गेली, हे पाहिलेल्या पट्ट्याला तर हे रूपक समजावून सांगण्याचीही गरज नसावी.

पहिला आक्षेप असा, की हे यंत्राचे संगीत आहे, त्यात माणूस नाही. मग जाते काय आहे? याच पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीच्या गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे अफाट संकलन उभे केले. तिथे दगडी यंत्राच्या फेऱ्याला बाईने आपला श्वास जुळवला आणि त्यातून काव्य झाले, हे आम्ही वर्गात भक्तिभावाने शिकवतो. असेंब्ली लाइनच्या लयीला मात्र हा अधिकार आम्ही नाकारतो.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. ब्रेकबीट म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा कापून फिरवणे. द विन्स्टन्सच्या ‘आमेन, ब्रदर’मधील (१९६९) ग्रेगरी कोलमन यांचे काही सेकंदांचे ड्रमवादन असंख्य रचनांत असे वापरले गेले. पण ओवीचे ठरीव चरण तरी कुणाच्या मालकीचे असतात? तयार चरण घेऊन त्याला आपल्या दुःखाची जोड देणे, हीच मौखिक परंपरेची रीत. फरक आहे तो वेगळाच : ओव्यांच्या संकलकांनी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले, कोलमन यांना त्या तुकड्याचे मानधन कधी मिळाले नाही आणि २००६ मध्ये ते निर्धन अवस्थेत वारले. आक्षेप घ्यायचाच तर या अन्यायावर घ्यावा, तंत्रावर नव्हे.

आता आमच्याच बाजूने बोलणाऱ्या उत्साही मंडळींविषयी. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये, म्हणजे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षी, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. शिकागोच्या फ्यूचरने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’साठी (१९८७) जे यंत्र वापरले, तेच रोलँड टीबी-३०३ त्यांनी पाच वर्षे आधी रागांसाठी वापरले. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली आणि ‘अ‍ॅसिड हाउस आमचेच’ अशी आरोळी उठली. प्रभाव आणि समांतरता यांतला भेद आपण तौलनिक साहित्याच्या पहिल्याच तासाला शिकवतो. तो इथे का विसरावा? शिकागोच्या तरुणांनी ती मुद्रिका ऐकल्याचा पुरावा नाही. पहिलेपणाच्या फुशारकीपेक्षा, त्या यंत्राची सुरावरून सुरावर घसरण्याची सोय सिंग यांनी मींडेसाठी कशी राबवली, हे ऐकणे अधिक मोलाचे. अठ्ठावीस वर्षे ते आपण ऐकले नाही. ऐकणारा परदेशातून यावा लागला, ही खरी नामुष्की!

गोंगाटाचे समर्थन आम्ही करत नाही. मिरवणुकीतल्या भिंतींनी वृद्धांची झोप आणि मुलांचे कान बिघडतात. रात्री दहानंतरची बंदी योग्यच आहे. परंतु आवाजाची पातळी हा कायद्याचा विषय आहे आणि संगीताची गुणवत्ता हा समीक्षेचा. पहिल्याच्या आडून दुसऱ्यावर निकाल देणे हा आळस आहे.

रात्रपाळी उरकून सकाळी आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या कानांत हीच लय असते. त्यांच्यापुढे आपण लोकसाहित्याची व्याख्या फळ्यावर लिहितो आणि ती लय वर्गाबाहेर ठेवायला सांगतो. निदान एक प्रकल्प तरी असा द्यावा : आपल्या वस्तीत गणेशोत्सवात नि भीमजयंतीला वाजणारी मिश्रणे कोणी केली, त्यांत कोणाचा आवाज आहे, कोणाचा ढोल आहे, हे मुलांनी नावानिशी नोंदवावे. नाही तर आणखी अठ्ठावीस वर्षांनी ते नोंदवायलाही कोणी डच गृहस्थच येईल, आणि आपण त्याच्या सत्काराला हजर राहू.