गुटगुटीतपणाच्या आड दडलेला आजार

एके काळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘गुटगुटीत बालक’ स्पर्धा भरत. कुपोषणाच्या छायेत वावरणाऱ्या समाजाला भरलेल्या गालांचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच होते. परंतु परिस्थिती पालटली तरी दृष्टी पालटलेली नाही. दहा वर्षांच्या मुलाचे वजन पंचावन्न किलो भरले, तरी घरातील वडीलधारी मंडळी ‘खात्यापित्या घरचे लक्षण’ म्हणून कौतुकच करतात. उंची वाढली की आपोआप उतरेल, असा दिलासा आईला दिला जातो. त्या मुलाच्या उजव्या बरगडीखाली काय चालले आहे, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

यकृत बिघडते ते मद्यप्याचे, अशी आपली पक्की समजूत. मद्याचा थेंबही न घेणाऱ्या लठ्ठ मुलांच्या यकृतात चरबी साठून दाह होतो, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८३ सालीच नोंदवले होते. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी देशातील उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध केला. मुलांवरील अभ्यास तुलनेने थोडे असले, तरी त्यांतून निघालेला निष्कर्ष झोप उडविणारा आहे. लठ्ठ मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांच्या यकृतात चरबी आढळली!

हा आजार बोलत नाही, हीच खरी अडचण होय. पोट दुखत नाही, कावीळ होत नाही, मूल शाळेत जाते, खेळते. दाह मात्र आतल्या आत चालू राहतो आणि काही मुलांत त्याचे रूपांतर यकृत कठीण होण्यात होते. एक खूण तेवढी कित्येकदा बाहेर दिसते. मानेच्या मागील बाजूस आणि काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. आई बिचारी मळ समजून हळद-बेसन लावून ती मान घासत राहते. वस्तुतः शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते, आणि अशा मुलाच्या यकृताची तपासणी व्हायलाच हवी.

तपासणी तरी किती अवघड? रक्ताची एसजीपीटी ही साधी, स्वस्त चाचणी. उत्तर अमेरिकेतील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली असे सुचविले, की प्रत्येक लठ्ठ मुलाची ही चाचणी वयाच्या नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान करावी. परंतु खरी मेख पुढेच आहे. अहवालावर छापलेली ‘सामान्य’ मर्यादा बहुधा चाळीस वा त्याहून अधिक असते. अमेरिकेतील बालरुग्णालयांच्या मर्यादांची पाहणी झाली, तेव्हा त्यांचा मध्य ५३ निघाला. निरोगी, सडपातळ मुलांचे रक्त तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेली खरी मर्यादा मात्र मुलांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ एवढीच आहे. म्हणजे ४५ आकडा आलेल्या मुलीच्या अहवालावर ‘सामान्य’ असा शिक्का बसतो आणि घर निश्चिंत होते. प्रत्यक्षात तिचा आकडा दुपटीच्या वर गेलेला असतो. असा दुपटीचा आकडा तीन महिन्यांनंतरही कायम राहिला तर तज्ज्ञांकडे जावे. ऐंशीच्या वर गेला तर चालढकल करूच नये. कारण एसजीपीटी वाढविणारे इतरही रोग आहेत. शरीरात तांबे साठविणारा विल्सनचा आजार हा त्यांतलाच, आणि तो हातचा निसटणे परवडणारे नाही. उलट आकडा चांगला आला म्हणजे चरबी नाहीच, असेही नव्हे. सोनोग्राफीलाही थोडी चरबी नेहमी दिसतेच असे नाही.

लठ्ठ कोणाला म्हणावे, याचे उत्तर पाश्चात्त्य तक्त्यांत शोधू नये. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय बाळ जन्मतःच वजनाने कमी असूनही चरबीने भारलेले असते. म्हणूनच डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ सालच्या वाढ-तक्त्यांत लठ्ठपणाची रेषा आपल्या मुलांसाठी खाली आणली आहे. घरी मोजपट्टी असतेच. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांकडे जावे.

शासनाने २०२१ साली या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, हे योग्यच झाले. मात्र शाळकरी मुलांची तपासणी करणारा, २०१३ साली पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा शासकीय व अनुदानित शाळांसाठी आखलेला आहे. डब्यात बिस्किटे आणि हातात थंड पेयाची बाटली घेऊन जाणारी मुले बव्हंशी दुसऱ्याच शाळांत शिकतात. तेथील पालकसभेत हा विषय आपले कार्यकर्तेच मांडू शकतील.

चरकाचार्यांनी अतिस्थूलाची गणना निंदितांत केली आणि कारणांत गोड, जड अन्न व व्यायामाचा अभाव यांच्या जोडीला बीजस्वभावही सांगितला. म्हणून मुलाला खादाड म्हणून हिणवणे हा अन्यायच. त्याच परंपरेचे नाव घेऊन बाजारात ‘यकृतशुद्धी’ची चूर्णे विकली जातात, ती वैद्याच्या सल्ल्यावाचून मुलाच्या घशात घालू नयेत.

उपाय घरातच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांची वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. यकृतातील चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. त्या प्रयोगात एकट्या मुलाचे ताट वेगळे काढले नव्हते. साऱ्या कुटुंबाला तेच जेवण दिले गेले होते. आपल्या घरी याचा अर्थ आजोबांच्या चहातील दोन चमचे आणि फ्रीजमधील सरबताची बाटली, दोन्ही सुटणे असा होतो. आजोबा कुरकुरतील, हे गृहीत धरावे.