सीटखालची गळती

सोलापूरहून तुळजापूरला निघालेली गाडी तामलवाडीला पोहोचते तेव्हा सोलापूर जिल्हा मागे पडून धाराशिव जिल्हा सुरू झालेला असतो. राष्ट्रीय महामार्ग ५२, म्हणजे पूर्वीचा २११. सोलापूर ते तुळजापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर, साडेसहाशेच्या घरात. चढ अंगावर येतो तो शेवटी, घाटात. नव्या गाडीला त्याचे काही वाटत नाही. पण वीस वर्षांची ओम्नी, आत आठ माणसे, मांडीवर पोरे, मे महिन्यातली दुपार आणि चाळिशीच्या वर गेलेला पारा असा सगळा मेळ जमला, की गाडीच्या पोटातल्या एका लहानशा भागाची कसोटी लागते. तो भाग म्हणजे पाण्याचा पंप. गॅरेजमध्ये त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात.

तामलवाडीचा जिल्हा धाराशिव असला, तरी बाजार सोलापूरचा. कांदा, भाजीपाला, दूध, लग्नाचे वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळे त्याच दिशेने जाते. त्यात जुन्या व्हॅनचा वाटा मोठा आहे. मारुतीने १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या नावाने ही गाडी आणली आणि १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले. इंजिन मारुती ८०० चेच, तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या ओम्नींपैकी सर्वांत तरुण गाडीनेही बरेच उन्हाळे पाहिले आहेत. नवरात्रात सोलापूरहून पायी तुळजापूरला निघालेल्या भाविकांसोबत पाण्याचे जार आणि फराळाचे सामान घेऊन अशा गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असतात. गाडीला वेग नाही, म्हणून रेडिएटरवर वारा नाही. अशा वेळी इंजिन गार ठेवायचा सगळा भार फिरत्या पाण्यावर आणि पंख्यावर येतो.

पंपाचे तत्त्व या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीत जे घडते तेच इथे घडते. पात्यांचा पंखा फिरतो, मधोमध पाणी ओढतो आणि कडेला फेकतो. किर्लोस्करवाडीत १९२६ साली किर्लोस्करांनी सेंट्रिफ्यूगल पंप बनवायला घेतला. तेच तत्त्व ओम्नीच्या सीटखाली हाताच्या पंजाएवढ्या ओतीव भागात बसले आहे. फरक इतकाच, की इथे विजेची मोटार नाही. इंजिनच बेल्टने पंप फिरवते. इंजिन हळू चालले की पंपही हळू, जोरात चालले की पंपही जोरात. बेल्ट तुटला तर पंप थांबलाच, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही असतो. म्हणून डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला, तर आधी बेल्ट पाहावा.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीला सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांपुरता पंप होता. नंतर तो काढून टाकला. गरम पाणी आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली उतरते, या नियमावरच १९२७ पर्यंत लाखो मॉडेल टी चालल्या. त्या इंजिनाची ताकद वीस अश्वशक्ती होती. ताकद वाढली, इंजिन लहान जागेत कोंबले गेले, तशी ती पद्धत पुरेना. इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि पाण्यातून बाहेर टाकावी लागते. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली बंदिस्त असते, त्यामुळे पाणी फिरायचे थांबले की काही मिनिटांत सगळे हाताबाहेर जाते.

मात्र हा पंप एकाएकी सहसा मरत नाही. आधी तो कळवतो, आणि कळवण्याची सोय त्याच्या घडणीतच केलेली आहे. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि दोघांच्या मध्ये सील. सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या जागेतून बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक काढलेले असते. सील झिजले की पाणी त्या भोकातून बाहेर पडते. ते बेअरिंगमध्ये शिरू नये आणि मालकाला दिसावे, यासाठीच ते भोक. सुरुवातीला थेंबही पडत नाही. भोकाखाली पांढरट किंवा हिरवट डाग दिसतो, वाळलेल्या क्षाराची एक रेघ. पुढे रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी ओल दिसू लागते. त्यानंतर बेअरिंगचा आवाज येतो, आधी बारीक किणकिण, मग खरखर. इंजिन बंद आणि गार असताना पंपाची पुली दोन बोटांत धरून हलवावी. ती किंचितही लटपटली, तर बेअरिंग गेले. ओम्नीत यासाठी पुढची सीट उचलावी लागते आणि नेमका त्याचाच कंटाळा केला जातो.

आणखी एक बिघाड असतो, तो ना गळतो ना वाजतो. आतली पाती गंजून, झिजून बोथट होतात. पंप फिरतो, पण पाणी ढकलत नाही. गाडी सपाटीला ठीक चालते आणि घाटात तापते. रेडिएटर साफ करून झाला, थर्मोस्टॅट बदलून झाला, तरी गुण येत नाही, तेव्हा बॉडी उघडून पात्यांकडे पाहावे.

रस्त्यावरच्या युक्त्यांमध्ये हळद फार जुनी. रेडिएटर बारीक गळत असेल तर ट्रकवाले त्यात हळद टाकतात. पूड फुगून भोकात अडकते आणि गळती काही काळ थांबते. तुळजापूरच्या रस्त्यावर हळद मिळायला अडचण नाही. पण फिरत्या दांड्यावरचे सील हळदीने जुळत नाही, आणि तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचली की नवे दुखणे सुरू होते. याहून वाईट उपाय म्हणजे पंपाखालचे ते भोक एम-सीलने बुजवणे. थेंब थांबतात, मालक निर्धास्त होतो आणि पाणी गुपचूप बेअरिंगमध्ये शिरते. मग बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटतो, तोही बहुधा चढावर, कारण जोर तिथेच लागतो.

या मुलखात सील लवकर का जाते, याचे उत्तर बोअरच्या पाण्यात आहे. खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांत साठलेले पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. घरातल्या हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात बसतो. तिथे पाणी रोज तापते, म्हणून जास्त बसतो. थराचे कण सुटून पंपाच्या सीलवर घासतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे माणसाने पिण्याजोगे पाणीसुद्धा इंजिनाला घातक असू शकते. टाकीच्या नळाला लावलेली बादली रेडिएटरमध्ये ओतणे ही सवय इथे घरोघरी आहे, आणि तीच पंप खाते.

कूलंटबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे, की ते बर्फाच्या मुलखातल्या गाड्यांसाठी असते. तामलवाडीत पाणी कधी गोठणार नाही हे खरे. पण कूलंटचे खरे काम इथे दुसरेच आहे. त्यातली रसायने गंज रोखतात आणि इथिलीन ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असेल तर उकळबिंदू शंभरावरून साधारण एकशे सातवर जातो, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे आणखी वर. मिसळायला पाणी हवे ते बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नयेत. आणि जुने कूलंट काढताना ते भांड्यात धरावे. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. गॅरेजसमोरच्या खड्ड्यात ते सोडले तर कुत्रे, शेळी, वासरू कोणीही तोंड लावते.

सगळ्यात महाग पडते ते ‘एवढे गाव गाठू’. पुढे तुळजापूर दिसते आहे, मागे टोलनाका गेला आहे, माणसे उन्हात उतरायला तयार नाहीत, म्हणून चालक गाडी ओढतो. पाणी संपत आले की तापमान दाखवणारा सेन्सर पाण्यात न राहता वाफेत लटकतो आणि काटा चक्क खाली येतो. चालकाला वाटते गाडी गार झाली. खरे तर त्याच घडीला इंजिनाचे हेड भाजत असते. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड अती तापले की वाकते, गॅस्केट फुंकते, पाणी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल दुधाळ होते. मग हेड उतरवून लेथवर फेसिंग, नवी गॅस्केट, कदाचित व्हॉल्व्हचे काम. पंपाच्या किमतीच्या कैक पट खर्च त्या शेवटच्या चार किलोमीटरांत होतो.

गाडी थांबवल्यावरही दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेले पाणी असते, झाकण सैल होताच दाब जातो आणि ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. फडके टाकून उघडणाऱ्यांचेही हात भाजले आहेत. दुसरे, तापल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतायचे नाही, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. सीट उचलून इंजिनाला वारा लागू द्यावा, माणसांना झाडाखाली बसवावे आणि झाकणाला नुसता हात लावता येईपर्यंत थांबावे.

पंप बदलण्याचे काम अवघड नाही, मात्र घाईचे नाही. पाणी काढायचे, अल्टरनेटर सैल करून बेल्ट उतरवायचा, पुली काढायची, मग बोल्ट. कोणता बोल्ट कुठला हे पुठ्ठ्यावर टोचून ठेवणारा मिस्त्री चांगला, कारण त्यांची लांबी सारखी नसते. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टच्या कव्हराआड असतो. तसे असेल तर टायमिंग बेल्टचे वय पाहून तोही त्याच वेळी बदलावा, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. सर्वांत जास्त वेळ जातो जुनी गॅस्केट खरवडण्यात. ती ब्लॉकला चिकटून कडक झालेली असते. मिस्त्री आतल्या तोंडात फडक्याचा बोळा घालतो, म्हणजे भुगा आत पडत नाही, आणि ब्लेड आडवे धरून हलक्या हाताने पापुद्रे काढत जातो. त्या पृष्ठभागावर एक ओरखडा राहिला तरी नव्या गॅस्केटखालून पाणी पाझरते. शेवटी तो डोळे मिटून त्या जागेवर बोट फिरवतो. नजरेला न दिसलेला खडा बोटाला लागतो. मग नवी गॅस्केट, नवी बॉडी, आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळायचे.

पाणी भरल्यावर हवा काढणे महत्त्वाचे. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की पाणी येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच पटते. इंजिन गार असताना झाकण उघडे ठेवून गाडी सुरू करावी, बुडबुडे येऊ द्यावेत, पातळी खाली जाईल तसे भरत जावे. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज पाइप गरम लागतो. तो गरम झाला आणि बुडबुडे थांबले, की झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी पाहावी.

एवढा खटाटोप जुन्या गाडीसाठी करावा का, असे विचारणारे असतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तो भार छोट्या माणसाला जड आहे. पण ज्याचे दूध रोज सोलापूरला जायचे आहे, त्याला नव्या गाडीचा हप्ता त्याहून जड आहे. गाडीची बॉडी शाबूत, इंजिन दमदार, आणि केवळ पंपाअभावी हेड गेले म्हणून गाडी भंगारात जाणे हे त्या घराचे खरे नुकसान आहे. त्यामुळे पंप घेताना सर्वांत स्वस्त डबा उचलू नये. दुकानातच पुली बसते त्या टोकाला धरून दांडा फिरवून पाहावा, तो अडखळता कामा नये, आणि जुना पंप शेजारी ठेवून पात्यांची उंची आणि बोल्टांची भोके ताडून घ्यावीत.

ओम्नीचे भाग अजून सहज मिळतात, कारण २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८०० त्याच इंजिन-घराण्यातली. मॅटाडोरवाल्यांची गोष्ट निराळी आहे. बजाज टेम्पोने १९६९ मध्ये आणलेली ही गाडी बंद होऊन फार वर्षे झाली आणि तिची तयार वॉटर बॉडी शोधत हिंडावे लागते. अशा वेळी किट आणून जुन्याच बॉडीत प्रेसवर नवे बेअरिंग आणि सील बसवणारा लेथवाला गाठावा लागतो. किट एखाद्या वेळी मिळून जाते. ओतीव बॉडी मात्र हरवली तर मिळत नाही, म्हणून मॅटाडोर ज्याच्या दारात उभी आहे त्याने काढलेली बॉडी भंगारवाल्याला देऊ नये, ऑइल लावून, फडक्यात गुंडाळून गाडीतच ठेवावी.