अंतर रोगापासून, माणसापासून नव्हे

वाचकहो, कोरोनाची साथ ओसरली आणि त्या दिवसांची चर्चाही थांबली. परंतु साथीत शाळकरी मुलांच्या मनावर काय बेतले, याचा हिशेब आपल्या समाजाने अजून मांडलेला नाही. पुढची साथ सांगून येणार नाही, म्हणून तो आजच मांडला पाहिजे असे आम्हांस वाटते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. मधूनमधून काही वर्ग उघडले, पुन्हा मिटले, असे जानेवारी २०२२ पर्यंत चालले. शिक्षण मोबाईलवर आले. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांत मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. तीन भावंडांनी तास करायचा कसा? शाळेतली खिचडी थांबली, सोबती तुटले, कुणाची आई गेली, कुणाचे वडील गेले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलांना हसावे की रडावे हेच कळेना.

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक दुःख आले. सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया यांचे काम त्या काळात थांबले नाही, आणि या कामांत आपली माणसे पुष्कळ. कामावरून परतणाऱ्या आईबापांकडे शेजारी संशयाने पाहू लागले, त्यांच्या मुलांना खेळात घेईनात. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द तेव्हा सर्वांच्या तोंडी झाला. आपल्याला शब्द नवा होता, अनुभव जुनाच. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. आजारातून बरे होऊन आलेल्या मुलाला विनाकारण कोपऱ्यात बसविले, तर तोच घाव पुन्हा बसतो. अंतर कशासाठी व किती दिवस, हे गुरुजींनी साऱ्या वर्गाला समजावून सांगावे आणि मुदत संपताच त्या मुलाला मित्रांत बसवावे.

लहान मूल दुःख बोलून दाखवीत नाही. शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखते, ते झोपेत दचकते, बोलके असले तर गप्प होते, नाहीतर उगाच हात उगारते. अशा वेळी ‘नाटके करू नकोस’ म्हणू नये. सर्वांनी टाकून दिलेला एक आजारी भिक्खू दिसला, तेव्हा तथागतांनी आधी त्याची विचारपूस केली, मग आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले. विचारपूस आधी, उपाय नंतर, हाच क्रम घरात असावा. जेवण, झोप, अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, आणि मूल रडले तर रडू द्यावे.

आणि माताभगिनींनो, अंगारा-धुपारा नको! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण हे सारे मागे टाकले. मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच आजार आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्षकांचे मन मात्र कुणी विचारले नाही. २०२० मध्ये कित्येकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर उभे केले गेले. रात्री तेच मोबाईलवर पाठ पाठवीत. विनाअनुदानित शाळांत अनेकांचे पगार अडले. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांचे नाव घेऊन शिक्षकांकडून त्यागच मागत राहणे बरे नव्हे. वेळेवर पगार, कामाची मर्यादा आणि मन मोकळे करण्यासाठी आठवड्यातून अर्धा तासाची बैठक, एवढे प्रत्येक शाळेला जमण्यासारखे आहे. खचलेला शिक्षक खचलेल्या मुलाला उभे करू शकत नाही.

आमची विहार समित्यांना विनंती आहे. आपल्या वस्तीत साथीच्या काळात शाळा सुटली ती सुटलीच, अशी मुले किती, लग्न लावून दिलेल्या मुली किती, पालक गमावलेली मुले किती, याची यादी करा. येत्या पौर्णिमेला ती वाचून दाखवा आणि एकेका मुलाची जबाबदारी एकेका घराने घ्यावी. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पाळायचा, तर शिकणाऱ्याचे आणि शिकविणाऱ्याचे मन आधी जपले पाहिजे.

जय भीम!