लंबकाचा धडा आणि सरकारी आदेश

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. ती पवारांची संस्थाने. आणि कुमार गंधर्वांनी देवासला वास्तव्य केल्यापासून संगीतप्रेमींना ते गाव क्षेत्रासारखेच झाले. परंतु त्याच मुलखातील सरकारी शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक असामान्य प्रयोग कित्येक वर्षे चालला आणि 2002 साली एका आदेशासरशी थांबला, याची वार्ता आमच्या किनाऱ्यापर्यंत फारशी आली नाही.

त्याचा उगम नर्मदाकाठचा. 1972 साली होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील 16 शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र मंडल केंद्र या संस्थांनी सहावी ते आठवीसाठी हे काम हाती घेतले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर एकाच सतरंजीवर बसले. 1978 मध्ये सारा जिल्हा सामील झाला. 1982 मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि देवास, धार, उज्जैन अशा माळव्यातील जिल्ह्यांत त्याच पद्धतीच्या शाळा उभ्या राहिल्या.

तेथे चाले काय? लंबकाचाच धडा घ्या. चार मुलांची टोळी दोऱ्याला खडा बांधून झोके मोजते. जड खडा लवकर झोका घेईल, अशी बहुतेक मुलांची प्रामाणिक समजूत असते. (आमचीही होती, आम्ही पडलो कला शाखेचे!) मुले खडा बदलून पाहतात, वेळ तितकाच लागतो, दोरा लांबवतात, वेळ वाढतो. ‘बालवैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगाला स्वतंत्र गुण होते. मुलांच्या शंकांना ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाच्या नावाने पत्रोत्तरे जात.

मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही, ही गोष्ट पुढे जगभरच्या संशोधनाने ठसवली. 1985 साली अमेरिकेत हलून आणि हेस्टेनिस यांनी दाखवून दिले की, गती आणि बल यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या बाळबोध कल्पना महाविद्यालयीन व्याख्यानांनीही फारशा हलत नाहीत. वर फेकलेल्या चेंडूवर वर ढकलणारे बल हवेतही टिकून असते, असे सूत्रे तोंडपाठ असलेला मुलगाही मानतो. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनाही आपल्या हुशार विद्यार्थ्यांबाबत हाच अनुभव आला. अशा संशोधनाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने डिसेंबर 2004 मध्ये भरवली, ती आमच्याच दोनापावलला. माळव्यातील प्रयोग गुंडाळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

तो का गुंडाळला? आठवीनंतर नववी-दहावीला जुनीच घोकंपट्टी वाट पाहत होती. आपली मुले मागे पडतील, ही पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण त्यावरचा इलाज नववी-दहावी बदलणे हा होता. जिल्ह्याच्या नियोजन समितीत विषय निघाला, भोपाळने होकार भरला आणि तीस वर्षांच्या कामावर पाणी पडले. शिक्षक आणि शास्त्रज्ञ विरोध करीत राहिले; त्यांच्याशी खुली चर्चा करण्याचे धैर्य शासनाने दाखवले नाही, हे आम्हाला अधिक खटकते. त्या वेळी तेथे काँग्रेसचे राज्य होते. भाजपचे असते तर वेगळे घडले असते, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अनुभवातून शिकण्याचा उच्चार जागोजागी आहे आणि गोव्यात त्याची अंमलबजावणीही सुरू झाली आहे. शब्द माळव्यातलेच आहेत. मात्र आमच्या मुलांच्या हाती दोरा आणि खडा येणार असेल, तर प्रश्नपत्रिकेने त्याची विचारपूस केली पाहिजे. गोवा शालान्त मंडळाने येत्या विज्ञानाच्या परीक्षेत, पुस्तक समोर असूनही विचार केल्यावाचून सुटणार नाही, असा निदान एक प्रश्न घालावा आणि मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरे शिक्षकांपुढे अभ्यासासाठी ठेवावीत. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे खाते लागत नाही.