"जर्नलमध्ये आहे ना, काका!"

परवा शेजारची मुलगी फील्ड प्रोजेक्ट दाखवायला आली. पेणलाच दुसऱ्या वर्षाला आहे. विषय: गणेशमूर्ती, शाडूची की पीओपीची? पेणच्या पोरीला याहून घरचा विषय कुठला असणार!

शेवटी संदर्भ होते: दोन यूट्यूब व्हिडिओ, एक व्हॉट्सॲपवरची पीडीएफ आणि एका 'इंटरनॅशनल जर्नल'मधला लेख. लेखात लिहिलेलं, पीओपी पाण्यात कधीच विरघळत नाही.

"हे खरं कशावरून?"

"काका, जर्नलमध्ये आहे ना!"

आम्ही दोघांनी ती साइट उघडली. पैसे भरा, दोन दिवसांत छापून मिळेल! अहो, दोन दिवसांत तपासणार कोण? अख्ख्या लेखात एक प्रयोग नाही.

खरं काय? पीओपी घट्ट झाला की त्याचा जिप्सम होतो. तो एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतो, तेही सावकाश. म्हणजे 'कधीच नाही' हे चूक आणि 'आरामात विरघळतो' हेही चूक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेट वापरून पीओपी मूर्ती विरघळवायची पद्धत काढली. ती कोणालाही करून पाहता येते. अभ्यास म्हणतात तो याला.

मग पेपरातली बातमी टाकाऊ का? मुळीच नाही. जून २०२५ मध्ये हायकोर्टाने पीओपी मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. हे आपल्याला पेपरातूनच कळलं. पण जुलैत सहा फुटांवरच्या मूर्तींना विसर्जनाची सवलत मिळाली. जूनचं कात्रण जोडून बसलात तर प्रोजेक्ट तिथेच चुकला. म्हणून तारीख बघा आणि जमेल तर मूळ आदेश वाचा.

आणि हमरापूर-जोह्याचा कारखानदार? मूर्ती वाळायला किती दिवस, खर्च किती, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? त्याला विचाराच. फक्त त्याचं पोट त्यावर आहे हेही लिहा. पोट आहे म्हणजे तो खोटं बोलतो असं नव्हे.

पूर्वी यूजीसीची चांगल्या जर्नल्सची 'केअर' यादी होती. २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख आपली आपणच करायची. कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, कोणी तपासलंय, कधीचं आहे आणि सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे? एवढे पाच प्रश्न पुरेत.

रोह्याची पोरं कुंडलिकेच्या पाण्यावर आणि धाटावच्या कंपन्यांवर लिहितात, त्यांनाही हेच लागू.

प्राध्यापक मंडळींना हात जोडून विनंती. विषय वाटण्याआधी एक तास पोरांना लायब्ररीत बसवा. एक खरा शोधनिबंध, एक बातमी आणि एक फॉरवर्ड शेजारी ठेवून वाचून घ्या.

उद्या आपल्या मूर्तींबद्दल, आपल्या नदीबद्दल कुठेतरी निर्णय होईल. तिथे आपल्या पोरांचं लिखाण टिकायला हवं.

ती मुलगी आता वही घेऊन जोह्याला गेलीय. बघू काय आणते!